ऑर्किडची नावे : आधी कथा, की आधी नाव?

ऑर्किडविषयीच्या लोकप्रिय लेखनात एक ग्रीक कथा हमखास भेटते. ऑर्किस नावाचा एक देखणा तरुण होता. वनदेवता त्याची आई आणि सॅटिर, म्हणजे अर्धा माणूस व अर्धा बोकड असा वनचर, त्याचा बाप. बॅकस या मद्यदेवतेच्या उत्सवात मद्याच्या धुंदीत त्याने देवतेच्या पुजारिणीवर हात टाकला. चिडलेल्या भक्तांनी त्याचे तुकडे तुकडे केले. बापाने देवांची करुणा भाकली. पण देवांनी मुलगा परत दिला नाही, त्याच्या देहाचे एक फूल केले. तेच हे ऑर्किड.

कथा चांगली आहे. तिच्यात वासना आहे, शिक्षा आहे, बापाचा शोक आहे आणि शेवटी फूल आहे. पुराणकथेला जे जे लागते ते सारे तिच्यात आहे. फक्त ती पुराणकथा नाही.

ओव्हिड या रोमन कवीच्या 'मेटामॉर्फसिस' या काव्यात माणसांची फुले झाल्याच्या कथा आहेत : नार्सिसस आहे, हायसिंथस आहे, अडोनिसच्या रक्तातून उगवलेले अ‍ॅनिमोनीचे फूल आहे. ऑर्किस मात्र तेथे नाही. ही कथा छापील स्वरूपात दिसते ती १७०४ साली, लुई लिजे या फ्रेंच लेखकाच्या बागकामाच्या पुस्तकात. दोनच वर्षांनी ती इंग्रजीत आली. लिजे प्रत्येक फुलाच्या लागवडीबरोबर त्याचा 'इतिहास'ही सांगत असे आणि जिथे इतिहास नव्हता तिथे तो रचत असे. खूण त्याच्या पात्रांच्या नावांतच आहे. ऑर्किसच्या आईचे नाव तो अकोलेशिया असे देतो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ असंयम, स्वैरपणा. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात हा शब्द दुर्गुणाचे नाव म्हणून येतो. बेताल मुलाची आई 'असंयम' असणे हे रूपककथेचे तंत्र आहे. लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेल्या कथेत नावे इतकी सोयीस्कर नसतात.

तीनशे वर्षांपूर्वी एका बागकामाच्या पुस्तकाने रचलेली कथा आज 'प्राचीन ग्रीक पुराणकथा' म्हणून फिरते आहे, ही गोष्ट केवळ तपशिलाची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. वनस्पतींच्या नावांमागे आपण कथा कशा शोधतो, त्या कोणाच्या असतात आणि त्या कशाच्या जागी येऊन बसतात, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : नावामागची कथा पुष्कळदा नावानंतर येते आणि येताना जुने, रांगडे, कामाचे काहीतरी झाकून टाकते.

कंदाचे नाव

ऑर्किस या शब्दाचा ग्रीक अर्थ आहे वृषण. जमिनीत वाढणाऱ्या भूमध्य प्रदेशातील ऑर्किडांना दोन गोलसर कंद असतात. एक मागच्या वर्षीचा, सुरकुतलेला, आणि एक पुढच्या वर्षासाठी भरत चाललेला. उपटून हातात घेतले की नाव आपोआप सुचते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टस या वनस्पतीचे वर्णन करतो, तेव्हा तो कुठलीही कथा सांगत नाही. मोठा आणि लहान असे दोन कंद, आणि त्यांचा कामेच्छेवर होणारा मानला गेलेला परिणाम, एवढेच तो नोंदवतो. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज लोकसमजूत सांगतो, ती अशी की मोठा कंद पुरुषाने खाल्ला तर मुलगा होतो, लहान कंद बाईने खाल्ला तर मुलगी. हे सगळे मुळ्या खणणाऱ्यांचे, औषधे विकणाऱ्यांचे आणि मूल हवे असलेल्या घरांचे ज्ञान आहे. खरे असो वा खोटे, ते मातीतले आहे.

सभ्य समाजाला मात्र ते अवघड वाटत आले. आर्थर हॉर्ट यांनी थिओफ्रास्टसच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात नवव्या खंडातला हा भाग त्यांनी गाळला. लिजेने त्याच अडचणीवर दुसरा उपाय काढला होता. अवयवाचे नाव त्याने माणसाचे नाव केले आणि त्या माणसाला एक शोकांतिका दिली. एकाने गाळले, दुसऱ्याने सजवले, परिणाम एकच. कंद खणणारा माणूस दोन्हीकडून दिसेनासा झाला.

हाच कंद आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी सालममिश्री ही ऑर्किडांचे वाळवलेले कंद असते. 'सालम' हा अरबी 'सहलब'चा आपल्या जिभेवर बसलेला अवतार, आणि सहलबची प्रचलित व्युत्पत्ती 'कोल्ह्याचे वृषण' अशी दिली जाते. 'मिश्री'चा खडीसाखरेशी संबंध नाही. ती 'मिस्री', म्हणजे मिसर देशाची, इजिप्तची. हिमालयातून येणाऱ्या दुसऱ्या एका ऑर्किडाचा कंद हाताच्या बोटांसारखा फाटलेला असतो; त्याला आपण सालमपंजा म्हणतो. युरोपातही अशाच पंजासारख्या कंदांना 'ख्रिस्ताचा तळहात' असे नाव होते. ग्रीक, अरब, मराठी वैदू आणि ख्रिस्ती शेतकरी यांनी एकमेकांना न विचारता कंदाकडे बघून नाव ठेवले. त्यासाठी कोणालाही देवाच्या शापाची गरज पडली नाही.

मेरीची चप्पल, व्हीनसची चप्पल

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. युरोपात एक पिवळ्या पिशवीसारख्या पाकळीचे ऑर्किड आढळते. त्याचा आकार अगदी सपातेसारखा. सोळाव्या शतकातील वनस्पतिग्रंथांत त्याचे लॅटिन नाव 'मेरीची चप्पल' अशा अर्थाचे आहे. मेरी म्हणजे येशूची आई. लोकांनी आपल्या रोजच्या प्रार्थनेतल्या बाईला रानातले एक पायताण दिले होते.

लिनीयसने या वंशाला सायप्रिपेडियम हे नाव दिले. सायप्रिस म्हणजे सायप्रस बेटाची देवी, अ‍ॅफ्रोडाइटी ऊर्फ व्हीनस. वंशनामांसाठी कवींच्या देवदेवता चालतील असा नियमच त्याने घालून दिला होता. संतांची आणि धर्माशी निगडित नावे त्याला नको होती. १७५३ सालच्या त्याच्या ग्रंथात चप्पल तशीच राहिली, पाय बदलला. जिच्यापुढे कोणी दिवा लावत नव्हते अशा देवीला ती मिळाली. जातिनाम 'कॅल्सिओलस', म्हणजे छोटे पायताण, तेवढे जुन्या नावाची खूण म्हणून उरले.

पुढे १८८६ साली फिट्झर याने आशियातील अशाच ऑर्किडांसाठी पॅफिओपेडिलम हे नाव पुढे आणले; सायप्रसमधील पॅफोस हे व्हीनसचे तीर्थक्षेत्र. या वंशातील एक जाती आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या अगस्त्यमलै डोंगरांत आहे, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिचे नाव पॅफिओपेडिलम ड्रुरी. वंशनामात सायप्रसची देवी, जातिनामात कर्नल हेबर ड्रुरी हा इंग्रज अधिकारी. ज्या ऋषीच्या नावाचा डोंगर तिने निवडला, तो नावात कुठेच नाही. बाजारात तिला मोल आले ते व्हीनसच्या चपलेचे, आणि त्या मोलापायी ती इतकी ओरबाडली गेली की ती आता नामशेष होण्याच्या कड्यावर आहे. या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात बंद करावा लागला आहे.

विद्वानांनी दिलेली सर्वच पौराणिक नावे पोकळ असतात असे मात्र नाही. सॅलिस्बरी याने १८०७ साली एका ऑर्किडाला कॅलिप्सो म्हटले. होमरच्या महाकाव्यात ओडिसियसला सात वर्षे आपल्या बेटावर अडकवून ठेवणारी ही अप्सरा. तिच्या नावाच्या मुळाशी 'झाकणे, लपवणे' असा अर्थाचा धातू आहे. हे एकुलते एक गुलाबी फूल उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांच्या गडद सावलीत, शेवाळात दडून बसते. येथे पुराणकथा जाणाऱ्याला सांगते की वाकून बघ. अ‍ॅरेथुसाचेही तसेच. नदीदेव मागे लागला म्हणून झरा झालेली ही अप्सरा जमिनीखालून वाहत सिसिलीत प्रकट झाली, असे ओव्हिड सांगतो. तिच्या नावाचे ऑर्किड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील दलदलीत पाण्यालगत फुलते. अशा नावांना मी अलंकार म्हणेन. चांगला अलंकार वस्तूकडे लक्ष वेधतो. फक्त अलंकाराला उगम समजू नये. त्या दलदलीत वा त्या अरण्यात राहणाऱ्यांनी ओव्हिड वाचलेला नव्हता.

वंदा आणि बांडगूळ

आता आपल्या शब्दाकडे येऊ. जगभरच्या रोपवाटिकांत 'व्हँडा' म्हणून विकले जाणारे ऑर्किड मूळचे संस्कृत 'वंदा'. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स यांनी भारतीय वनस्पतींवरील आपल्या टिपणांत हे नाव वापरले. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापली गेली. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० साली त्याला शास्त्रीय वंशनामाचे स्थान दिले. सिंगापूरने १९८१ साली 'व्हँडा मिस जोकिम' हे राष्ट्रीय फूल ठरवले, तेव्हा एक संस्कृत शब्द अशा रीतीने एका देशाच्या मानचिन्हावर जाऊन बसला.

वंदन, वंदनीय या शब्दांशी वंदाचे नाते जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. फूल आहे, देवाला वाहतात, तेव्हा 'वंद्य' ते वंदा, अशी कथा सहज रचता येईल. कोशांचा कौल वेगळा आहे. वंदा म्हणजे झाडावर वाढणारी परोपजीवी वनस्पती. आपला मराठी 'बांदा' त्याच घराण्यातला. आंब्यावर, मोहावर वाढून झाडाचा रस शोषणारा तो बांदा, म्हणजेच आपले बांडगूळ. मराठीत तर हा शब्द वनस्पतीपेक्षा माणसांसाठीच जास्त वापरला जातो. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला याहून झोंबणारी शिवी नाही.

ऑर्किड बांडगूळ नाही. ते झाडावर बसते, झाडाला खात नाही. त्याची जाड, पांढरट मुळे हवेतला ओलावा आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर जगतात. खरे बांडगूळ मात्र झाडाच्या आत मुळे घुसवून त्यातला रस ओढते. हा फरक आधुनिक शास्त्राने प्रथम सांगितला असे आपण समजतो. पण अमरकोशातील वंदाचे पर्याय नीट पाहिले तर एक गंमत दिसते. त्यांत एक आहे वृक्षादनी, म्हणजे झाडाला खाणारी. आणि दुसरा वृक्षरुहा, म्हणजे झाडावर उगवणारी. परोपजीवी आणि केवळ आश्रित, हे दोन्ही स्वभाव तिथे शेजारी शेजारी आहेत. कोशकाराने त्यांना एकाच वनस्पतीचे पर्याय मानले हे खरे. पण शब्द ज्याने कोणी घडवले त्याच्या डोळ्यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या. लिनीयसचे 'एपिडेंड्रम' हे ऑर्किडनाम म्हणजे 'झाडावरचे'. वृक्षरुहाचा तो जणू ग्रीक अनुवादच आहे, अर्थात लिनीयसला अमरकोश ठाऊक नसताना केलेला.

नावाचा असा परिणाम फक्त कोशात राहत नाही. झाड साफ करणाऱ्याला 'बांडगूळ' एवढाच शब्द माहीत असेल तर कोयता वृक्षादनीवरही चालतो आणि वृक्षरुहावरही. मराठी वनस्पतिलेखनात ऑर्किडसाठी 'आमरी' हा शब्द वापरला जातो. तो रूढ व्हायला हवा, कारण त्याने निदान शिवी तरी पुसली जाईल.

सीतेची वेणी

सह्याद्रीत दोन ऑर्किडे अशी आहेत की ज्यांना मराठीत थेट महाकाव्यातली नावे मिळाली. एक शास्त्रीय भाषेत एराइडिस मॅक्युलोसा, दुसरे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. उन्हाळा संपता संपता आणि पाऊस लागता लागता जुन्या झाडांच्या फांद्यांवरून त्यांचे गुलाबी-पांढरे, दाट घोस खाली लोंबू लागतात. यांची नावे सीतेची वेणी आणि द्रौपदीची वेणी. कुठे पहिले नाव एकाला असते, कुठे दुसऱ्याला. दुसऱ्या ऑर्किडाला आसामात 'कपौ फूल' म्हणतात. बिहूच्या नाचात मुली ते अंबाड्यात माळतात.

या नावांच्या बाबतीत लिजेचे काम करायला कोणीही बसू शकेल. सीता वनवासात पंचवटीला होती, तिने वेणी सोडली, ती फांदीला अडकली, तिचे फूल झाले, कथा तयार. पर्यटनाच्या फलकावर ती शोभेल आणि दहा वर्षांत 'प्राचीन आख्यायिका' होईल. म्हणून येथे सावध राहायला हवे. मराठी मुलखाची नावे ठेवण्याची एक रीत आहे. नाशिकची बौद्ध लेणी आपण पांडवलेणी म्हणतो. तिथे सातवाहन आणि क्षत्रप राजांचे शिलालेख आहेत, पांडवांचा काही संबंध नाही. पठारावरच्या एका इवल्या निळ्या-जांभळ्या, कीटकभक्षी वनस्पतीच्या फुलाला आपण सीतेची आसवे म्हणतो. सीताफळ आणि रामफळ तर घरातलेच. या नावांचा अर्थ 'येथे ही घटना घडली' असा नसतो. जे कोणी लावले नाही, कोणी कोरलेले आठवत नाही, ज्याला मालक नाही, ते पांडवांचे किंवा सीतेचे. रानातल्या वस्तूला घरातले नाव देण्याची ही रीत आहे.

पण सीताच का, आणि वेणीच का? 'वेणी' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत : केसांची गुंफण आणि केसांत माळायची फुलांची लड. घोस दुसऱ्या अर्थाने वेणी आहे. आणि सीता व द्रौपदी या दोघींच्याही कथांत केस ही दुःखाची जागा आहे. वाल्मीकीच्या अशोकवनातील सीता एकवेणी आहे. विरहिणीची ती खूण, फुलांशिवायची एकच वेणी. द्रौपदीला केसांना धरून सभेत ओढत आणले. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' या नाटकाचे नावच तिचे मोकळे केस पुन्हा बांधले जाण्यावरून पडले आहे. ज्या दोघींना फुले माळता आली नाहीत, त्यांच्याच नावाने रानात फुलांच्या वेण्या लोंबतात.

हा माझा अन्वय आहे, आख्यायिका नव्हे. तो कोणी मला सांगितलेला नाही आणि मी तो कोणाच्या तोंडी घालणार नाही. पण जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायका याच मुलखातल्या होत्या. सरपणाला रानात जाणारे पाय त्यांचे आणि वर मान करून तो घोस पाहणारे डोळेही त्यांचेच असणार. अशा नावाला कथेची जोड लागत नाही. ते स्वतःच एक पूर्ण ओळ आहे.

सुसानाचे फूल

नाव आणि कथा यांचे खरे नाते कसे असते, याचे एक उदाहरण देऊन थांबतो. सतराव्या शतकात डच कंपनीचा एक नोकर, रुम्फियस, आजच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावर वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहीत होता. १६७० साली तो आंधळा झाला. वनस्पती धुंडाळण्यात त्याची बायको सुसाना त्याच्या सोबत असे. १७ फेब्रुवारी १६७४ रोजी अंबोनला भूकंप झाला. त्यात सुसाना आणि एक मुलगी दगावल्या. एका मोठ्या पांढऱ्या, झालरीच्या पाकळ्यांच्या ऑर्किडाला रुम्फियसने 'सुसानाचे फूल' असे नाव दिले आणि त्याचे कारणही लिहून ठेवले : ती हयात असताना वनस्पतींच्या शोधातली त्याची पहिली सोबतीण होती, आणि हे फूल त्याला तिनेच दाखवले होते.

त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी छापला जाऊ लागला. लिनीयसने १७५३ साली ते नाव लॅटिन रूपात स्वीकारले आणि ते आजही जातिनामात 'सुसानी' म्हणून टिकून आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारे पांढरे, सुगंधी पेक्टेलिस जायगँशिया हे त्याच वंशातले, तिच्या फुलाचे भावंड.

या गोष्टीत अप्सरा नाही, शाप नाही, रूपांतर नाही. ऑर्किसच्या कथेपुढे ती बेताची वाटेल. पण तिच्यात तारीख आहे, ठिकाण आहे, नाव ठेवणारा कोण आणि का, हे आहे. आपल्या नावांबाबत एवढेच जमवायचे आहे. कोणत्या गावी, कोणत्या झाडावरच्या, कोणत्या फुलाला, कोण, काय म्हणते. औषधाला वापरतात की माळतात की काढून फेकतात. सीतेची वेणी नेमकी कोणत्या तालुक्यात कोणत्या ऑर्किडाला म्हणतात, एवढी एक यादी जरी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून झाली, तरी ती दहा मनोरंजक आख्यायिकांपेक्षा मोलाची ठरेल. ही माणसे आहेत तोवरच ती होईल. नंतर फलक लावणारे येतील आणि त्यांच्याजवळ कथांची कमतरता कधीच नसते.